शंभर पौंडांमागे पाच पेन्स

फेब्रुवारी २०१०. ब्रिटनमधल्या बँका लोकांच्या कराच्या पैशाने वाचवल्या, त्याला अजून दीड वर्षही झालं नव्हतं. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि लॉइड्स या दोन बड्या बँकांत सरकारने अब्जावधी पौंड ओतले होते, आणि वर्तमानपत्रांत बँकरांच्या बोनसच्या बातम्या पुन्हा झळकू लागल्या होत्या. नेमक्या त्या दिवसांत इंटरनेटवर एक छोटी फिल्म आली.

खुर्चीत एक बँकर बसलाय. उंची सूट, चेहऱ्यावर कशाचीच काळजी नसलेल्या माणसाचा सैलपणा. मुलाखत घेणारा दिसत नाही, नुसता आवाज ऐकू येतो. बँकांच्या व्यवहारांवर अगदी बारीकसा कर लावला तर काय होईल, असा प्रश्न येतो. बँकर हसत हसत सांगतो की कल्पना आकर्षक आहे, पण प्रकरण फार गुंतागुंतीचं आहे. म्हणजे कसं? इथून त्याची गाडी अडखळायला लागते. कर शंभर पौंडांमागे पाच पेन्स एवढाच ना? हो. त्यातून अब्जावधी जमतील ना? तसं म्हणता येईल. मग अडचण कुठे आहे? बँकर खुर्चीत चुळबुळतो, नजर चुकवतो, वाक्य सुरू करून मध्येच सोडतो. शेवटी शेवटी तर नुसत्या त्याच्या गप्प बसण्यावरच फिल्म चालते.

हा बँकर म्हणजे बिल नायी, ‘लव्ह अ‍ॅक्चुअली’मधला उतारवयातला रॉकगायक. फिल्मचं डोकं रिचर्ड कर्टिस यांचं. ‘फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल’, ‘नॉटिंग हिल’ हे चित्रपट ज्यांच्या लेखणीतून उतरले तेच हे कर्टिस. पण ब्रिटनमध्ये त्यांची दुसरीही ओळख आहे. १९८५पासून चाललेल्या ‘कॉमिक रिलीफ’ या विनोदी कलावंतांच्या मदतनिधीचे ते एक संस्थापक, आणि २००५च्या ‘मेक पॉव्हर्टी हिस्टरी’ या दारिद्र्यविरोधी मोहिमेतलं मोठं नाव. टीव्हीवर चार विनोद करायचे, अधूनमधून डोळ्यांत पाणी आणायचं आणि प्रेक्षकाचा हात पाकिटाकडे न्यायचा, या कामात त्यांचा हातखंडा. नव्या मोहिमेचं नाव ‘रॉबिन हूड टॅक्स’. ऑक्सफॅमसारख्या धर्मादाय संस्था, कामगार संघटनांचा महासंघ टीयूसी, चर्चशी जोडलेल्या संस्था अशी पन्नासच्या आसपास नावं तिच्या मागे उभी होती.

एक फरक मात्र पहिल्या दिवसापासून होता. देणगी मागणारा कलावंत प्रेक्षकाला म्हणतो, तुझ्या खिशातलं थोडं दे. इथे तो म्हणत होता की तुला काहीच द्यायचं नाही, त्या बँकेच्या खिशातून काढायचं आहे. टीकाकारांना मराठी येत असतं तर ‘आयजीच्या जिवावर बायजी उदार’ असं म्हणून ते मोकळे झाले असते. पण तेवढ्यावर ही मोहीम उडवून लावता येत नव्हती, कारण तिच्या मुळाशी असलेली कल्पना कुणा नटाच्या डोक्यातून निघालेली नव्हती.

शेअर बाजारातल्या प्रत्येक सौद्यावर भक्कम कर असावा, म्हणजे सट्टेबाजी आटोक्यात राहील, हे अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९३६मध्येच लिहून ठेवलं होतं. पुढे १९७१मध्ये अमेरिकेने डॉलर आणि सोन्याचा सांधा तोडला, चलनांचे दर रोज वरखाली होऊ लागले, आणि १९७२मध्ये येल विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ जेम्स टोबिन यांनी प्रिन्स्टनमधल्या व्याख्यानांत हीच कल्पना परकीय चलनाला लावली. एका चलनातून दुसऱ्या चलनात जाणाऱ्या प्रत्येक व्यवहारावर छोटासा कर ठेवा, असं त्यांचं म्हणणं. चाकांत थोडी वाळू टाकावी तसा. महिनाभरासाठी किंवा वर्षभरासाठी पैसा नेणाऱ्याला तो जाणवणार नाही. सकाळी घुसून दुपारी बाहेर पडणाऱ्याला मात्र दिवसातून दोनदा, आठवड्यातून दहादा चावेल. टोबिन यांना हवी होती ती चलनबाजारातली स्थिरता, आणि देशोदेशींच्या सरकारांना व्याजदर ठरवायला थोडी मोकळीक. कर जमेल तो जमेल, तो दुय्यम लाभ.

पंचवीस वर्षं ही कल्पना अर्थशास्त्राच्या नियतकालिकांत पडून राहिली. १९९७मध्ये थायलंडचं चलन कोसळलं, पाठोपाठ इंडोनेशिया आणि दक्षिण कोरियाला हादरे बसले. त्या डिसेंबरात ‘ल मोंद दिप्लोमातिक’ या फ्रेंच मासिकाचे संपादक इग्नासियो रामोने यांनी बाजारांची शस्त्रं काढून घ्या, असा अग्रलेख लिहिला, आणि त्यातून १९९८मध्ये ‘अताक’ ही संघटना जन्मली. तिच्या नावातच टोबिन कराची मागणी गुंफलेली होती. जागतिकीकरणविरोधी मोर्चांत टोबिन यांचं नाव फलकांवर फडकू लागलं. ते बघून स्वतः टोबिन वैतागले. २००१मध्ये ‘डेर श्पीगेल’ या जर्मन साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी स्पष्ट सांगितलं की ही मंडळी माझं नाव वापरताहेत, पण मी मुक्त व्यापाराचा समर्थक आहे आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँकेच्या बाजूचा आहे. पुढच्याच मार्चमध्ये ते वारले. कर त्यांच्या नावाने राहिला, हेतू मात्र बदलला. बाजार शांत करायला निघालेली कल्पना आता तिजोरी भरायला निघाली होती.

हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. करामुळे सट्टा खरंच थांबला तर वसुली होणार कशावर? आणि वसुली भरघोस झाली तर त्याचा अर्थ सट्टा मजेत चालू आहे. थोडंफार दोन्ही साधता येतं, हे मान्य. पण मोहिमेला दोन्ही भरपूर हवं होतं, आणि फिल्ममधल्या मुलाखतकाराने बँकरला सगळं विचारलं तरी हे एक विचारलं नाही.

२००८नंतर वारा फिरला. ऑगस्ट २००९मध्ये ब्रिटनच्या वित्तसेवा नियामक संस्थेचे अध्यक्ष अडेर टर्नर यांनी ‘प्रॉस्पेक्ट’ मासिकाच्या चर्चेत सांगून टाकलं की लंडनच्या वित्तबाजारातले काही उद्योग समाजाच्या काडीच्या उपयोगाचे नाहीत, आणि टोबिन कराचा विचार व्हायला हरकत नाही. नियामकाच्याच तोंडून हे ऐकून सिटीत, म्हणजे लंडनच्या बँकवाल्यांच्या चौरस मैलात, गहजब झाला. नोव्हेंबरात सेंट अँड्र्यूज इथे जी-२० देशांच्या अर्थमंत्र्यांसमोर पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी जागतिक व्यवहार कराचा विषय काढला. अमेरिकेचे अर्थमंत्री टिमथी गाइटनर यांनी लगेच हात झटकले. दार पुरतं उघडलं नव्हतं, पण फट दिसली होती, आणि कर्टिस यांनी त्या फटीत पाय घातला.

मोहिमेचा हिशेब ऐकायला गोड होता. सरासरी दर ०.०५ टक्के. जगभर लावला तर वर्षाला २५० अब्ज पौंडांपर्यंत उत्पन्न. त्यातलं निम्मं आपल्याच देशातल्या सार्वजनिक सेवांना, उरलेल्या निम्म्यातला अर्धा भाग गरीब देशांना, अर्धा हवामान बदलाशी झुंजायला. काही दिवसांतच जोसेफ स्टिग्लिट्झ आणि जेफ्री सॅक्स यांच्यासह ३५० अर्थतज्ज्ञांनी पाठिंब्याचं पत्र काढलं. मोहिमेच्या संकेतस्थळावर बाजूने की विरोधात असं मत नोंदवता येत असे. तिथे अचानक विरोधी मतांचा पाऊस पडला, आणि त्यातल्या मोठ्या भागाचा माग गोल्डमन सॅक्सच्या नावावर नोंदलेल्या संगणकापर्यंत पोचतो, असं मोहिमेने जाहीर केलं. खलनायक एवढा आज्ञाधारक निघाल्यावर पटकथाकाराला आणखी काय हवं असतं?

पण खरे प्रतिवाद संगणकावर बटणं दाबणाऱ्यांचे नव्हते. ते शांत आवाजात आले, आणि बहुतेक वाचकांपर्यंत पोचलेच नाहीत. बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर मर्विन किंग हे काही बँकरांचे वकील नव्हेत. बड्या बँका तोडाव्यात असं म्हणणारे ते गृहस्थ. त्यांनीही फिल्मच्या आधीच, जानेवारीत, संसदेच्या समितीला सांगितलं होतं की मूलभूत सुधारणांच्या यादीत टोबिन कर तळाला आहे. संकट आलं ते घरकर्जांच्या गाठोड्यांतून आणि उधारीवर उभ्या केलेल्या डोलाऱ्यातून. ती गाठोडी रोज शंभरदा हातोहात फिरत नव्हती, उलट बँकांच्या पोटात पडून सडत होती. व्यवहार कराने त्यांना काय धक्का लागला असता?

मग जून २०१०मध्ये नाणेनिधीने जी-२० देशांसाठी अहवाल दिला. बँकांकडून पैसे वसूल करायला त्याची ना नव्हतीच. त्याने दोन मार्ग सुचवले. एक, बँकांच्या देण्यांवर आकारणी. दुसरा, बँकांचा नफा आणि पगार-बोनस यांच्या बेरजेवर कर. वित्तसेवा बहुतेक देशांत मूल्यवर्धित करातून सुटलेल्या असतात, ती पळवाट या दुसऱ्या कराने बुजली असती. व्यवहार कराबद्दल अहवालाचं मत असं की तो लावता येईल, अशक्य नाही, पण त्याचा भार बँकेच्या कमाईवर न पडता बराचसा शेवटच्या ग्राहकावर पडेल.

हा मुद्दा बँकेच्या काउंटरवरून नीट दिसतो. त्या काळात लंडनच्या चलनबाजारात पौंड-डॉलरच्या खरेदीभावात आणि विक्रीभावात अंतर असे ते दहा हजारांमागे साधारण एक. डीलर जगतो तो या अंतरावर. आता दहा हजारांमागे पाच इतका कर आला तर? फिल्ममध्ये चिमूटभर दिसणारा कर डीलरच्या कमाईच्या पाचपट होतो. तो स्वतः सोसणं डीलरला शक्यच नाही. तो भाव रुंद करतो, आणि ते पैसे भरतो जर्मनीतून यंत्र मागवणारा कारखानदार, किंवा शिक्षकांचा पेन्शन फंड. शिवाय बँकेपासून गिऱ्हाइकापर्यंत सौदा चार-पाच हातांतून जातो आणि प्रत्येक हातावर कर चढत जातो. मोहिमेच्या कागदपत्रांत चलनासाठी वेगळे, शेअरसाठी वेगळे दर होते, हे खरं. फिल्ममध्ये मात्र दर एकच होता, आणि लोकांनी पाहिली ती फिल्म.

म्हणजे विरोधकांचं सगळंच बरोबर होतं का? मुळीच नाही. सिटीतून सर्वात मोठ्या आवाजात आलेलं उत्तर होतं की असा कर एकट्या देशाला लावताच येत नाही, धंदा उडून जाईल. आणि हे लंडनमध्ये बसून म्हणणं म्हणजे कमाल होती. खुद्द ब्रिटनमध्ये शेअर खरेदीवर ०.५ टक्के मुद्रांक शुल्क आहे, मोहीम मागत होती त्याच्या दहापट. मुद्रांकाची परंपरा १६९४पासूनची, आणि शेअरवरच्या या शुल्कातून सरकारला वर्षाला तीनेक अब्ज पौंड मिळतात. लंडनचा बाजार काही ओस पडलेला नाही.

‘उडून जाईल’ म्हणणाऱ्यांच्या हातात एक हुकमी उदाहरण होतं, ते स्वीडनचं. ते दर वेळी दोन ओळींत सांगितलं जाई. त्याची गोष्ट दोन ओळींची नाही.

जानेवारी १९८४मध्ये स्वीडनने शेअरच्या खरेदीवर अर्धा आणि विक्रीवर अर्धा टक्का कर लावला. जोर होता कामगार चळवळीचा. वित्तबाजारातल्या तरुण पोरांचे भरमसाट पगार तिला खुपत होते. १९८६च्या मध्याला दर दुप्पट झाला. लगोलग स्वीडनच्या सर्वाधिक उलाढालीच्या शेअरांचा व्यवहार मोठ्या प्रमाणात लंडनला सरकला. १९९०पर्यंत स्वीडिश शेअरांची निम्म्याहून जास्त उलाढाल तिकडे होत होती. १९८९मध्ये कर रोख्यांवर आला. तिथे दर अगदीच किरकोळ होता, पाच वर्षांच्या रोख्याला लाखामागे तीन. तरी पहिल्याच आठवड्यात रोखेबाजाराची उलाढाल सुमारे ८५ टक्क्यांनी घसरली आणि रोख्यांच्या वायद्यांची तर ९८ टक्क्यांनी. या करातून वर्षाला १५० कोटी क्रोनर येतील असा सरकारचा अंदाज होता. कुठल्याच वर्षी ८ कोटींच्या वर गेले नाहीत. एप्रिल १९९०मध्ये रोख्यांवरचा कर गेला, १९९१ संपता संपता बाकीचाही गेला.

मग ब्रिटनचा कर टिकला आणि स्वीडनचा का बुडाला? दोन्ही देशांत शेअर होते, दलाल होते, लोभही सारखाच होता. फरक होता कर कशाला चिकटवला त्यात. स्वीडनने तो दलालाला चिकटवला. स्वीडनमध्ये नोंदलेल्या दलालामार्फत सौदा केला तर कर, लंडनच्या दलालाकडून तोच शेअर घेतला तर काही नाही. गिऱ्हाइकाला फक्त फोनचा नंबर बदलायचा होता. ब्रिटनने तो मालकीला चिकटवला. ब्रिटिश कंपनीचा शेअर न्यूयॉर्कमध्ये घ्या नाहीतर नागपुरात बसून घ्या, तुमच्या नावावर चढायचा असेल तर शुल्क भरलेलं पाहिजे, नाहीतर कायद्याने त्या मालकीला बळ नाही. कागदी स्टँपचे दिवस जाऊन आता संगणकावरच सौद्याच्या पूर्ततेवेळी ती रक्कम कापली जाते. पळायला जागा फारशी नाही. म्हणजे अगदीच नाही असंही नाही. भाव ठेवणाऱ्या मध्यस्थांना सूट आहे, आणि शेअर न घेताच त्याच्या भावावर पैज लावायचे करार लंडनमध्ये फोफावले त्याचं एक कारण हे शुल्कच.

एवढं समजलं की २०१०च्या वादातले दोन्ही आवाज थोडे पोकळ वाटू लागतात. एका बाजूला नट म्हणत होता की सोपं आहे, करून टाका. दुसऱ्या बाजूला बँकर म्हणत होता की अशक्य आहे, विसरून जा. कायदा लिहिणाऱ्या कारकुनाला माहीत होतं की कलम कसं लिहिता यावर सगळं आहे. पण कलम लिहिणाऱ्यावर कोण फिल्म काढणार!

२०११च्या शरदात मोहिमेचे ग्रह उच्चीचे होते. सप्टेंबरात युरोपीय आयोगाने सत्तावीस देशांसाठी प्रस्ताव मांडला. शेअर आणि रोख्यांवर ०.१ टक्के, डेरिव्हेटिव्हवर, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्ससारख्या करारांवर, ०.०१ टक्के, वर्षाला ५७ अब्ज युरोंची अपेक्षा. ऑक्टोबरात लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या पायऱ्यांशी आंदोलकांचे तंबू पडले. त्यांना हाकलायचं की राहू द्यायचं यावरून चर्चमध्येच दुफळी माजली, आणि कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी ‘फायनान्शियल टाइम्स’मध्ये लेख लिहून या कराची बाजू घेतली. पाठोपाठ कान इथल्या जी-२० परिषदेत बिल गेट्स यांनी विकासनिधीवरचा अहवाल ठेवला, त्यातही असा कर शक्य असल्याचं म्हटलं होतं. नट, धर्मगुरू आणि जगातल्या सर्वात श्रीमंत माणसांपैकी एक अशी तिघांची साक्ष एकाच बाजूने. जून २०१२मध्ये मोहीम अमेरिकेत गेली तेव्हा तिथल्या परिचारिकांची संघटना पुढे होती, आणि फिल्ममध्ये अभिनेते मार्क रफलो व ‘कोल्डप्ले’चे गायक क्रिस मार्टिन होते.

साक्षी भक्कम, पण निकाल देणारे वेगळेच होते. युरोपात कराच्या निर्णयाला प्रत्येक देशाची संमती लागते. ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑसबर्न यांनी हा कर म्हणजे लंडनच्या काळजावर रोखलेली गोळी आहे असं म्हटलं, आणि स्वीडनच्या अनुभवाची आठवण करून द्यायला तर स्वीडनचेच प्रतिनिधी बसलेले होते. २०१२च्या जूनमध्ये सर्वांचं एकमत होणार नाही हे मान्य झालं. मग जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेन धरून अकरा देशांनी आपापसात करायचं ठरवलं. ब्रिटन त्याही विरोधात युरोपीय न्यायालयात गेला आणि २०१४मध्ये हरला, पण तोवर अकरा जणांनाच एकमेकांचे आकडे पटेनासे झाले होते. पेन्शन फंडाला सूट द्यायची का? सरकारी रोखे वगळायचे का? डेरिव्हेटिव्ह धरायचे का? प्रत्येक बैठकीत एकेक गोष्ट गळत गेली. २०१५च्या डिसेंबरात एस्टोनिया बाहेर पडला. पुढे जर्मनीचे तेव्हाचे अर्थमंत्री ओलाफ शोल्ट्स यांनी जो मसुदा आणला त्यात उरले होते फक्त बड्या कंपन्यांचे शेअर.

फ्रान्सने वाट पाहिली नाही. निवडणुकीच्या तोंडावर अध्यक्ष सार्कोझी यांनी ०.१ टक्क्याचा कायदा केला, ते हरले, आणि त्यांच्या जागी आलेल्या ओलांद यांनी १ ऑगस्ट २०१२पासून ०.२ टक्के दराने तो लागू केला. एक अब्ज युरोंहून मोठ्या फ्रेंच कंपन्यांच्या शेअर खरेदीवर हा कर आहे. मोहिमेने विजय साजरा केला. मात्र आकारणी दिवसअखेरच्या निव्वळ खरेदीवर होते. सकाळी घेऊन दुपारी विकलं तर काही लागत नाही. टोबिन यांना ज्याचे पाय ओढायचे होते तो मोकळा सुटला, आणि निवृत्तीसाठी चार शेअर घेऊन ठेवणारा सापडला. दिवसातल्या सौद्यांनाही कर लावायचा ठराव फ्रेंच संसदेने केला होता, तो अंमलात येण्याआधीच माक्रों सरकारने रद्द केला. दर मात्र २०१७मध्ये ०.३ झाला आणि २०२५च्या एप्रिलपासून ०.४. उत्पन्नाचा काही भाग परदेशी विकासनिधीला गेला, तेवढं कर्टिस यांच्या पदरात घालायला हवं. इटलीने २०१३मध्ये, स्पेनने २०२१मध्ये आपापले कर आणले. सगळे लंडनच्या जुन्या मुद्रांक शुल्काचेच भाऊबंद.

२०१४मध्ये मोहिमेने आणखी एक फिल्म काढली. ‘हॅरी पॉटर’ मालिकेतल्या शेवटच्या चित्रपटांचे दिग्दर्शक डेव्हिड येट्स, कलाकारांत बिल नायी आणि हाव्हिएर बार्देम. कथा घडते २०२४मध्ये, टीव्हीच्या स्टुडिओत. दहा वर्षांपूर्वी कर आणलेल्या देशांचे बँकर त्याचं कौतुक करताहेत. खरं २०२४ येऊन गेलं. युरोपचा सामाईक कर अजून कुठे नाही.

आता मुंबईकडे वळायला हवं. इथे हा कर कुणा नटाने मागितला नव्हता.

८ जुलै २००४ रोजी अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी अर्थसंकल्पात सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स (एसटीटी) जाहीर केला, शेअर-रोख्यांच्या प्रत्येक सौद्यावर ०.१५ टक्के. त्याच्या बदल्यात शेअरवरच्या दीर्घकालीन भांडवली नफ्याला करमाफी. दलाल स्ट्रीटवर हलकल्लोळ झाला. ओरड जास्त होती ती जॉबर आणि डे-ट्रेडर मंडळींची, कारण त्यांचा नफा असतो पैशांत आणि कर लागणार होता पूर्ण किमतीवर. कर्जरोख्यांचे डीलरही तक्रार घेऊन गेले. दोन आठवड्यांच्या आत अर्थमंत्री मागे आले. डिलिव्हरीच्या, म्हणजे शेअर खरोखर नावावर घ्यायच्या, सौद्यावरचा ०.१५ टक्का घेणारा आणि विकणारा यांच्यात निम्मा-निम्मा वाटला, दिवसातल्या दिवसात मिटणाऱ्या सौद्यावर ०.०१५, वायद्यावर ०.०१, आणि कर्जरोखे पूर्ण वगळले. १ ऑक्टोबरपासून वसुली सुरू झाली. स्टॉकहोममध्ये जे समजायला सात वर्षं आणि एक रोखेबाजार खर्ची पडला, ते इथे तेरा दिवसांत समजलं, याचं श्रेय अर्थमंत्र्यांना द्यायचं की गल्लीतल्या आरड्याओरड्याला, हे ज्याने त्याने ठरवावं. शेअर बाजारच कर कापून सरकारला भरतो, त्यामुळे चुकवायला वाव नाही. पण रचना पुन्हा तीच झाली, घेऊन ठेवणाऱ्याला दर जास्त आणि सकाळी घेऊन दुपारी विकणाऱ्याला कमी.

आज डिलिव्हरीने शेअर घेताना ०.१ टक्का जातो, विकताना पुन्हा ०.१. लाखाचे शेअर घेतले की काँट्रॅक्ट नोटवर एसटीटीच्या रकान्यात १०० रुपये दिसतात. कर्टिस यांच्या मोहिमेचा सरासरी दर लावला असता तर ५० लागले असते. म्हणजे डोंबिवलीचा एखादा क्लार्क लंडनच्या क्रांतिकारक मागणीच्या दुप्पट कर गेली कित्येक वर्षं निमूटपणे भरतो आहे, आणि त्याला कुणी रॉबिन हूड भेटलेला नाही. पैसा सरकारच्या सामाईक तिजोरीत जातो. इस्पितळांना किती आणि हवामानाला किती, असा हिस्सा ठरवलेला नाही.

आपल्याकडे या विषयाला आणखी एक फाटा आहे तो अर्थक्रांतीचा. अनिल बोकील आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं मांडत आले की बहुतेक सगळे कर रद्द करून बँक खात्यात जमा होणाऱ्या रकमेवर एकच कर ठेवावा. महाराष्ट्रातल्या सभागृहांत त्यावर टाळ्याही पडल्या, आणि नोव्हेंबर २०१६च्या नोटाबंदीनंतर देशभर नाव झालं. रॉबिन हूडवाल्यांचा कर फक्त बड्यांवर येणार होता, हा सगळ्यांवर. बँक व्यवहारांवरचा कर ब्राझीलने प्रत्यक्ष घेऊनही पाहिला होता, १९९७ ते २००७ अशी दहा वर्षं, शेवटी शेवटी ०.३८ टक्के. हा पैसा आरोग्यसेवेला मिळावा म्हणून झटणारे होते आरोग्यमंत्री आदिब जातेने, देशातले नामवंत हृदयशल्यविशारद. वसुली दांडगी झाली. पण ती सुरू होण्याआधीच, तिच्या भरवशावर अर्थखात्याने आरोग्याचं नेहमीचं अनुदान कमी करायला घेतलं होतं, आणि जातेने यांनी तेव्हाच मंत्रिपद सोडलं होतं. २००७च्या डिसेंबरात सिनेटने मुदतवाढ नाकारली.

दलाल स्ट्रीटची बाकी अजून मिटलेली नाही. २०१८मध्ये दीर्घकालीन नफ्यावरचा कर परत आला, आणि ज्याच्या बदल्यात तो गेला होता तो एसटीटी मात्र जागचा हलला नाही. तेव्हापासून दर अर्थसंकल्पाआधी दलालांच्या संघटना निवेदन देतात, आणि दर अर्थसंकल्पानंतर ते निवेदन पुढच्या वर्षासाठी जपून ठेवतात. सप्टेंबर २०२४मध्ये बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या अभ्यासाने दाखवलं की तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी ९३ जण तोट्यात गेले, एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. पाठोपाठ १ ऑक्टोबरपासून फ्युचर्सवरचा एसटीटी ०.०१२५वरून ०.०२ टक्के झाला आणि ऑप्शन्सच्या प्रीमियमवरचा ०.०६२५वरून ०.१. वाढ जुलैच्या अर्थसंकल्पातच ठरली होती. सट्ट्याला आळा बसावा असं सरकारी बाजूने सांगितलं गेलं, आणि त्याच अर्थसंकल्पात एसटीटीचं अपेक्षित उत्पन्नही वाढवून दाखवलेलं होतं.